कंपनीची भेट

छुसोकचा, म्हणजे सुगीचा सण आठवड्यावर आला की मला माणसं नकोशी होतात. इंचॉनच्या या गल्लीतली, गरजूंना फुकट शिधा देणारी फूड बँक मी अकरा वर्षं सांभाळते, आणि दर वर्षी या आठवड्यात नोकरी सोडायचं ठरवते.

सणाला कंपन्या आपल्या लोकांना टूना माशाच्या डब्यांचे बॉक्स देतात. ज्यांच्या घरात ते जास्त होतात ते आमच्याकडे आणून टाकतात. प्रत्येक डब्याच्या बुडाला आम्ही पट्टी चिकटवतो, 'दान, विक्रीस मनाई', खाली आमचं नाव आणि फोन. एकदा कुणीतरी आमचा माल बाजारात मांडला होता, तेव्हापासून हा उद्योग मागे लागला. मग बॉक्स मोडायचे आणि माणशी दोन डबे. शिवाय महिन्याचे पाच जिन्नस ज्याचे त्यानं निवडायचे. दिवसभर उभं राहून गुडघे बोंबलतात आणि लोक विचारतात, ताई, तांदूळ जुना तर नाही ना?

त्या दिवशी रांगेत शेवटी नाम ग्यु-चोल होता. चाळिशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची बॅग. उन्हाळ्यात त्याची कंपनी बंद पडली, तेव्हापासून यायचा. बाहेर ओळखीचं कुणी दिसलं की दारावरून सरळ पुढे निघून जायचा आणि दहा मिनिटांनी परत यायचा.

"ताई, यावेळी डबे नकोत," तो हळूच म्हणाला. "रिकामा बॉक्स आणि त्याची ती हातात धरायची पिशवी मिळेल?"

"आणि घरी काय पुठ्ठा शिजवणार?"

रांग संपली होती तरी दोघंतिघं रेंगाळत होते. ते हसले. त्याचे कान लाल झाले.

"आईला ठाऊक नाहीये," तो म्हणाला. "सकाळी सातला निघतो, वाचनालयात बसतो, संध्याकाळी परत. दर छुसोकला मी कंपनीचा बॉक्स नेतो आणि ती शेजारणीला दाखवते. यंदा हात हलवत गेलो तर तिला कळेल. रिकाम्यात काहीतरी भरीन मी."

"काय भराल? विटा?"

मला स्वतःचाच राग आला. थकलं की माझी जीभ अशीच सुटते.

मागे पट्ट्या लावून रचलेल्या ढिगातला एक अख्खा बॉक्स मी ओढला. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या ओक-बुन मावशींनी लगेच डोळे वटारले. "अगं, बारा डबे आहेत त्यात. सहा जणांचा वाटा!"

"फुकट नाही देत," मी म्हणाले. "नाम, या महिन्याचे आणि पुढच्या महिन्याचे तुमचे जिन्नस गेले. तांदूळसुद्धा नाही. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला. क्षणभरही विचार केला नाही त्यानं.

मग आम्ही तिघं बाकावर बसून नखांनी पट्ट्या खरवडत बसलो. मावशी कुरकुरत होत्या आणि सगळ्यात भराभर त्याच खरवडत होत्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय," त्या म्हणाल्या. बॉक्स पिशवीत घालून तो निघाला तेव्हा त्याची चालच वेगळी होती.

सण होऊन दहा दिवस झाले असतील. दुपारी एक आजी आली, तीच पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. पिशवी टेबलावर ठेवून तिनं हातरुमालाची गाठ सोडली आणि त्यातून एक पट्टी काढली. आमचीच होती, कोपरा फाटलेली.

"एक राहिली होती," ती म्हणाली. "सणाला तोच डबा फोडला. एकही फोडला नसता तर त्याला संशय आला असता."

कोण येतं, कोण नाही, हे आम्ही कुणाला सांगायचं नसतं.

"तुम्ही काही बोलू नका," आजीच म्हणाली. "रोज सातला निघतो पोरगा. मी जेवणाचा डबा देते तर म्हणतो, कंपनीत जेवण असतं. एवढंच सांगा, दुपारी काही खातो का?"

"आजी, सांगता येत नाही मला."

"बरं."

"पण तुम्हाला ठाऊक आहे, हे त्याला सांगून मोकळ्या का होत नाही?"

"आणि मग सकाळी तो कुठल्या तोंडानं घराबाहेर पडेल? आता निदान अंघोळ करून, दाढी करून निघतो तरी." तिनं पिशवी माझ्याकडे सरकवली. "अकरा आहेत. नव्या वर्षाच्या सणाला त्याला हाच बॉक्स द्या. मी पुन्हा तोंड भरून कौतुक करीन कंपनीचं. घरातला बॉक्स कुठे गेला असं त्यानं विचारलं तर सांगेन, शेजारणीला दिला. फोडला तेवढा एक डबा मात्र तुमच्याकडचा घाला."

ती गेल्यावर मी ओक-बुन मावशींकडे बघितलं नाही, कारण मला रडू येत होतं. दोन महिन्यांचा त्याचा तांदूळही मी कापला होता. वहीत त्याच्या नावापुढची 'जिन्नस बंद' ही खूण मी खोडली आणि पाच किलोची पिशवी बाजूला काढून ठेवली.

मग टूनाचा एक डबा घेऊन बॉक्समधल्या रिकाम्या खाचेत बसवला. त्याला पट्टी लावली नाही.