गच्चीताई

"यादी फाइलला लावा आणि विषय मिटवा, ताई," इंजिनियरसाहेब म्हणाले. "काल सभेत ठराव झालाय. छपरांवर सौर पॅनेल नाहीत. सगळे शहराबाहेरच्या माळावर, एकाच ठिकाणी."

ताई खुर्चीवरून उठल्या नाहीत. पालिकेत त्या साध्या सर्वेक्षक. पण दोन वर्षं शहराच्या गच्च्या मोजता मोजता त्यांचं खरं नाव लोक विसरले होते. लहानथोर त्यांना गच्चीताईच म्हणत. गुडघे कुरकुरायचे, तरी शिडी चढून त्या टेप लावत, कुठली सावली किती वाजता कुठे सरकते ते कागदावर मांडत.

"साहेब, यादीतली पहिली एकोणीस घरं श्वासाच्या मशीनवर आहेत. पॅनेल आणि बॅटरी आधी त्यांना, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं. पण तेवढ्याच खर्चात माळावर जवळजवळ दुप्पट वीज होते. पाणीपुरवठा, शाळा, दवाखाना, सगळं चालेल. तुम्हीच सांगा, चुकतोय का मी?"

हीच तर पंचाईत होती. साहेब चुकत नव्हते.

"आणि माळापासून घरापर्यंतची तार तुटली तर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तार आपल्या खात्यात येत नाही, ताई."

लोकांना पत्रानं कळवायचं होतं. पण शब्द ताईंनी तोंडानं दिला होता. तो कागदानं कसा मागे घ्यायचा? जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्या यादीतल्या पहिल्या घराकडे निघाल्या.

तिसऱ्या मजल्यावर गणिताचे निवृत्त मास्तर राहायचे. आजारानं मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालं होतं. गळ्यातल्या नळीतून मशीन त्यांना श्वास देई. जागे होते ते फक्त डोळे.

"या या!" मास्तरांच्या पत्नीनं, काकूंनी, दार उघडलं. "गच्ची बघा आधी. दोरी काढली, कुंड्या वाटून टाकल्या. आता सावली पडली तर ती तुमचीच!"

ताईंना हसता आलं नाही. "काकू, जरा बसा. मला तुमच्याशी..."

पंखा मंदावला आणि थांबला. मशीन टीं टीं करू लागलं.

"गेली मेली!" काकू धावल्या. "बॅटरी पूर्वी दोन तास पुरायची. आता वीस मिनिटं चालली तरी नशीब."

ताईंनी वीज कार्यालयाला फोन लावला. "फॉल्ट शोधतायत, मॅडम." किती वेळ लागेल? "सापडला की कळेल." रुग्णवाहिका शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तासभर तरी लागणार होता.

चौदाव्या मिनिटाला मशीन थांबलं. काकूंनी गळ्यातली नळी मशीनपासून सोडवून तिला रबरी फुगा जोडला आणि दाबायला सुरुवात केली. मास्तरांची छाती वर आली, खाली गेली. ताईंचं लक्ष काकूंच्या मनगटाकडे गेलं. ते सुजलं होतं, त्यावर पट्टी होती.

"मागच्या आठवड्यात अडीच तास दाबला," काकू म्हणाल्या. "हात बधिर झाला, पण थांबायचं कुठं?"

"द्या इकडे."

"जमेल?"

"दाखवा. जमवते."

काकूंनी दोन-चार वेळा हातावर हात ठेवून दाखवलं. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या, आणि बसल्यावरच त्या किती थकल्या आहेत ते दिसलं.

मास्तरांचे डोळे वर छताकडे गेले, मग ताईंकडे वळले. पुन्हा छताकडे.

"विचारतायत, पॅनेल कधी बसणार," काकू म्हणाल्या. "रोज विचारतात. मी सांगते, ताई आल्या की कळेल."

ताईंनी फुगा दाबला, सोडला. खोटं अगदी ओठांवर होतं: पुढच्या महिन्यात.

"नाही बसणार, मास्तर," त्या म्हणाल्या. "रद्द झालं. सगळं माळावर होणार. मी भांडले, पण..." डोळ्यांसमोरचं धूसर झालं आणि हात भराभर चालू लागले.

काकूंनी मास्तरांच्या पायावरची चादर नीट केली. ती नीटच होती.

तेवढ्यात चादरीवर काहीतरी हललं. मास्तरांची तर्जनी. ती जेमतेम उचलली गेली आणि टेकली. थोडं थांबून पुन्हा उचलली, टेकली.

"घाई होतेय तुमची," काकू हळूच म्हणाल्या. "ते ताल देतायत. त्यांच्या बोटाकडे बघून दाबा."

ताईंनी बाहीला डोळे पुसले. बोट टेकलं, त्यांनी दाबलं. बोट उचललं, त्यांनी सोडलं. खाली रस्त्यावर कुठल्याच गाडीचा आवाज येत नव्हता. बोट टेकलं. त्यांनी दाबलं.