छातीवरचे तीन ओरखडे

दादाच्या हृदयाचा व्हॉल्व्ह आखडलाय, तो बदलावा लागेल, असं सर्जन समजावून सांगत होते तेव्हा दादाचं सगळं लक्ष त्यांच्या कल्ल्यांकडे होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, डावा कल्ला अर्धा बोट वर आहे, याला सरळ रेघ कळत नाही आणि हा माझी छाती मधोमध कापणार.

आम्ही दोघं भाऊ एकाच सलूनमध्ये दाढ्या करतो. पहिली खुर्ची त्याची, दुसरी माझी. चाळीस वर्षांत त्याच्या हातून कुणाच्या गालावर साधा ओरखडा उठलेला नाही. हे तो स्वतःच रोज सांगतो, त्यामुळे शंकेला जागा नाही.

दोन महिन्यांत तो दोनदा चक्कर येऊन पडला. दुसऱ्यांदा तर थेट गिऱ्हाइकाच्या मांडीवर. व्हॉल्व्ह बदलला तर पुढची कित्येक वर्षं आहेत, नाही बदलला तर एखादं, फार तर दोन, असं सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं. त्यावर दादाने महिनाभर विचार केला, म्हणजे विषय काढेल त्याच्यावर खेकसला. शेवटी वहिनीने भर दुकानात येऊन त्याची बिनपाण्याने केली. दोन्ही खुर्च्यांवरची गिऱ्हाइकं तोंडाला फेस लावून आरशातून बघत बसली. संध्याकाळी दादाने ऑपरेशनची तारीख घेतली.

हॉस्पिटलने सूचनांचा कागद दिला. छातीचे केस घरी काढू नयेत, वस्तरा अजिबात लावू नये, आमचा माणूस मशीनने काढेल. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मशीनने गवत कापतात, असं तो आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होता.

भरती व्हायच्या दिवशी नर्सने त्याच्या शर्टाची बटणं काढली, तर छाती एकदम गुळगुळीत आणि तिच्यावर तीन लालभडक ओरखडे. सर्जननी कपाळाला हात लावला. कातडीवर जखम असताना चिरा दिला तर जंतू आत जातात, म्हणाले. हे भरू दे, मग बघू, दहा दिवसांनी या. वहिनी इतकी चिडली की तिला रडूच फुटलं. दादा खाली मान घालून म्हणाला, वय झालं, हात थरथरला.

वहिनी तोंड धुवायला बाहेर गेली. मी वाकून ते ओरखडे नीट बघितले. मीसुद्धा पंचवीस वर्षं हेच करतोय. हात थरथरला की पातं घसरतं, ओरखडा तिरका जातो आणि एका टोकाला खोल होतो. हे तिन्ही सारख्या लांबीचे होते, सारख्या अंतरावर, पट्टी लावून ओढल्यासारखे.

"दादा, हे तू मुद्दाम केलंस."

तो छताकडे बघत राहिला. "भाऊ दुसऱ्या कुठल्या धंद्यात असता तर खपून गेलं असतं," म्हणाला.

"पण का?"

"भीती वाटते रे. ते हृदय बंद करून ठेवतात. तासन् तास. मग म्हणे पुन्हा चालू करतात. आपलं केस कापायचं मशीन दहातल्या दोन वेळा चालू होत नाही."

मला हसू आलं. मलाही भीती वाटत होती, अगदी त्याच्याइतकीच. त्याच्याशिवाय ते दुकान उघडायची कल्पनासुद्धा मला करवत नव्हती. पण हे बोललो असतो तर दोघं तिथेच गळ्यात गळा घालून रडत बसलो असतो आणि ऑपरेशन राहिलं असतं बाजूला. म्हणून मी हात पुढे केला आणि त्याच्या पिशवीतला वस्तरा मागितला. वस्तरा तो हॉस्पिटलातही घेऊन आला होता.

"कशाला?"

"सगळे वस्तरे मी घरी नेऊन ठेवतोय. उद्यापासून दुकानातली प्रत्येक दाढी मशीनवर."

"माझ्या गिऱ्हाइकांचीसुद्धा?"

"त्यांची आधी."

"अरे, ते हेडमास्तर तीस वर्षं माझ्याकडे येतायत. त्यांच्या हनुवटीवर खळगा आहे. मशीन पोचतच नाही तिथे."

"मग खुंट राहतील."

"किती दिवस?"

"तू ऑपरेशन करून परत येशील तोवर," मी म्हणालो. "नाहीच आलास, तर कायमचे."

दादाने डोळे मिटले. बराच वेळ तो ओरखड्यांवरून अंगठा फिरवत पडून होता. वहिनी परत येऊन खुर्चीत बसली. मग त्याने वस्तरा काढून माझ्या हातात दिला.

"नर्सला विचारून ये," तो म्हणाला, "पाच दिवसांत भरतात का हे."