रंगवलेला कोपरा

घर विकायला काढलं की माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा वागायला लागतो. विनय आणि देवयानी महिनाभर तसेच वागत होते. सिंकमध्ये एक कप दिसला तरी दोघं एकमेकांकडे संशयाने बघत, आणि फोडणीचं तर नावच काढायचं नाही.

फ्लॅट वेल्समधल्या कार्डिफच्या रिव्हरसाइडमध्ये, टॅफ नदीच्या काठापासून एक गल्ली आत, तळमजल्यावर. समोर हलाल मटणाचं दुकान, शेजारी तुर्की न्हावी, कोपऱ्यावर चिनी किराणा आणि पूल ओलांडला की सिटी सेंटर. विनयला ही वस्ती मनापासून आवडायची. पण ऑफिसात कोणी विचारलं, कुठे राहतोस, की तो "पाँटकॅनाजवळ" असं सांगायचा. पाँटकॅना म्हणजे लगतची जरा बड्या लोकांची वस्ती. त्याची ही सवय लक्षात ठेवा, म्हणजे पुढच्या प्रकाराचं फार नवल वाटणार नाही.

कार्डिफजवळच्या पेनार्थला त्यांनी एक घर हेरून ठेवलं होतं. विनयची आई, सुहासिनीबाई, दर उन्हाळ्यात पुण्याहून येत. त्या घरात त्यांच्यासाठी खाली स्वतंत्र खोली होती. पण तिथला मालक आता आठवडाभरच थांबणार होता. तोवर हा फ्लॅट गेला नाही तर ते घर हातचं जाणार, आणि इथे तर आलेली दोन्ही गिऱ्हाइकं नाक मुरडून गेली होती.

एजंट गॅरेथने सल्ला दिला, घर जरा न्यूट्रल दिसू द्या, खाजगी वस्तू आवरा. त्याने देवांचं नाव काढलं नव्हतं. ते या दोघांनी आपल्या मनाने वाढवलं.

देव होते फायरप्लेसच्या बाजूच्या कोनाड्यात, चौरंगावर. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती, एवढाच संसार. सुहासिनीबाई पाटावर बसून पूजा करत, म्हणून सगळं बुटकं. रोजच्या समईने तिथली भिंत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळी झाली होती. शनिवारी विनयने तेवढाच भाग पांढरा करून टाकला. बाकीची भिंत जुनी, पिवळट. तो ठिगळासारखा दिसतोय हे त्याला दिसत होतं, पण ब्रश धुऊन झाला होता.

रविवारी सकाळी तो आईला म्हणाला, "आई, नदीकाठी आज फार्मर्स मार्केट आहे. तू जरा फिरून ये ना. लोक घर बघायला येतील, व्ह्यूइंगमध्ये तुला उगाच कंटाळा येईल."

सुहासिनीबाईंनी फार चौकशी केली नाही. देव स्वतः पुसले, धुतलेल्या पंच्यात गुंडाळले आणि विनयच्या हातात दिले.

"कुठे ठेवतोयस?"

"कपाटात. वरच्या शेल्फवर."

त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या. पण मागच्या गिऱ्हाइकांनी घरातलं एकूणएक कपाट उघडून पाहिलं होतं. देवयानी म्हणाली, "वॉशिंग मशीन कोणी उघडत नाही." विनयने तिच्याकडे पाहिलं, ती फरशीकडे बघत होती. ड्रम रिकामा आहे, स्वच्छ आहे, असं एकमेकांना सांगत दोघांनी काम उरकलं.

गॅरेथने फक्त "रीस आणि पार्टनर" एवढंच कळवलं होतं. रीस उंच, लाजरा वेल्श मुलगा. त्याच्या मागून आत आलेल्या मुलीने देवयानीची विनयशी चाललेली कुजबुज ऐकली आणि तिचा चेहरा खुलला.

"तुम्ही मराठी? मी पण. तनिषा. लंडनची, ईलिंगची आहे. माझा मराठी थोडा वाईट आहे हां."

देवयानीचं हसू अर्ध्यावरच थांबलं. ज्यांना देव दिसू नयेत म्हणून एवढा खटाटोप, त्यांच्यात हीच निघावी.

घर दाखवणं सुरू झालं. रीसने विचारलं, इथे किती जण राहता? "जस्ट द टू ऑफ अस," विनय म्हणाला. आई झोपायची त्या चिमुकल्या खोलीला त्याने स्टडी म्हटलं. हे त्याच्या तोंडून इतकं सहज गेलं की देवयानीनेही मान डोलावली.

मग रीस त्या कोनाड्याशी आला आणि उकिडवा बसला. पांढऱ्या पट्ट्यावरून त्याने हात फिरवला. त्याच्या आजीचं घर याच टॅफच्या वरच्या अंगाला होतं आणि एका फेब्रुवारीत नदी तिच्या बैठकीत आली होती. भिंती अशाच, खालून एवढ्याच रंगवाव्या लागल्या होत्या, असं तो म्हणाला. मग शांतपणे विचारलं, इथे पाणी आलं होतं का?

"नो, नो. डाग होता जरासा."

कसला डाग?

"सोफ्याचा," विनय म्हणाला. सोफा समोरच्या भिंतीला होता, आणि त्या कोनाड्यात मावणाराही नव्हता.

रीस उठला. "लव्हली फ्लॅट," म्हणाला. इतकी वर्षं या देशात काढल्यावर विनयला एवढं नक्की कळत होतं की लव्हली म्हणजे रामराम.

तनिषा दारापाशी घुटमळली. "दादा, खरं सांगा ना. पाणी आला होता का? रीस खूप घाबरतो. आम्हाला फ्लॅट आवडली आहे, पण असं असेल तर वी'ल हॅव टू वॉक अवे."

विनयच्या डोळ्यांसमोरून पेनार्थचं घर दूर जायला लागलं. "काजळी होती," तो म्हणाला. "समईची. तिथे आमचे देव असतात."

"मग आता कुठे आहेत?"

प्रश्न सरळ होता. देवयानी घाईने म्हणाली, "ते... आवरून ठेवलेत." तनिषाने रीसला समजावलं, पण रीसचा चेहरा बदलला नाही. ज्याने सोफा रचला, तो देवही रचू शकतो.

विनय किचनमध्ये गेला, गुडघ्यांवर बसला आणि मशीनचं गोल दार उघडलं. पंचा ओढताना गाठ सुटली आणि बाळकृष्ण खणखणत ड्रममध्ये मागे घरंगळला. त्याला खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपावं लागलं. तेवढ्यात बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

सुहासिनीबाई किचनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पिशवीतून एक लांब पाव डोकावत होता. मुलाचा हात मशीनमधून बाहेर आला तो मुठीत बाळकृष्ण घेऊन. विनयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर बघायची त्याची हिंमत होईना.

तनिषाने बूट काढून हात जोडले. "आजी, नमस्कार. तुम्ही पण इथे राहता?"

रीसला शब्द कळले नसतील, पण घरात किल्लीने शिरलेली म्हातारी कोण असते हे कळायला मराठी लागत नाही. तो विनयकडे बघू लागला.

"नाही गं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यापुरती येते. हे दोघंच असतात." मुलाने काय सांगितलं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि सांभाळून घेतलं, आणि तेच विनयला जास्त लागलं.

त्यांनी पलंगाखालून चौरंग आणि समई ओढून काढली आणि देव जागेवर मांडले. चौरंगाची मागची कड आणि समईचा माथा, दोन्ही काळेकुट्ट. रीसने बोट लावून पाहिलं, मग चक्क सॉरी म्हणाला. तासाभरात गॅरेथचा फोन आला. पूर्ण किमतीची ऑफर होती.

देव लपवले होते घर विकण्यासाठी, आणि बाहेर काढले तेही त्यासाठीच. विनयला आनंद शोधूनही सापडेना. देवयानी बेडरूममध्ये दार लावून बसली होती.

"आई, ऑफर आली," तो कोनाड्यापाशी येऊन म्हणाला.

"बरं झालं." त्या बाळकृष्ण पुसत होत्या.

"पेनार्थला तुझी वेगळी खोली असेल."

"हो, सांगितलंस." त्यांनी मूर्ती ठेवली. मग मान वर न करताच विचारलं, "विनू, आज ते मार्केट नसतं, तर मला कुठे ठेवणार होतात?"

आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. विनयकडे उत्तर तयार होतं. सकाळी देवयानीशी त्याचं ठरलंही होतं, की पाऊस आला तर आईला गाडीत बसवायचं, मागच्या गल्लीत.