पाठीवर कान असलेला टॅब

मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावच्या एका शाळेचा जुना टॅब आहे, आणि अलीकडे माझा स्वतःवरही फारसा विश्वास उरलेला नाही.

नवा होतो तेव्हा काय तो माझा थाट! सगळी पुस्तके माझ्याच पोटात. सप्टेंबरात शाळेने मुलांना ‘तुम्ही कसे शिकता’ याचे आठ प्रश्न विचारले आणि त्यावरून टॅबांच्या पाठीवर चित्रे चिकटवली. बघून शिकणाऱ्याला डोळा, ऐकून शिकणाऱ्याला कान. मी जिच्या हाती पडलो त्या मारित लिंडक्विस्टला कान मिळाला. आठ प्रश्नांत कुठे माणूस कळतो? मला तेव्हाच शंका आली. त्यातून मारितने शेजारणीचे बघून खुणा केल्या होत्या.

मग मी तिला जीवशास्त्राचे धडे वाचून दाखवू लागलो. मी बोलत राही, ती स्केटच्या नाड्या आवळत राही. बर्फावरच्या हॉकीच्या मुलींच्या संघाची ती गोलरक्षक होती. धडा संपला की मी इमानेइतबारे नोंद करी, ‘पूर्ण’. पेशींचा धडा तर चार वेळा पूर्ण झाला!

परीक्षेत ती सपशेल नापास झाली. नापास खेळाडूने बर्फावर उतरायचे नाही, हा शाळेचा नियम. शुक्रवारी फेरपरीक्षा होती आणि शनिवारी सामना. मारित रडकुंडीला आली.

जीवशास्त्राच्या हॉगन सरांनी माझी नोंद पाहिली. “चार वेळा ऐकलंस म्हणतोय हा. मग सांग बरं, पेशीत काय काय असतं?”

“ऐकताना सगळं कळत होतं, सर.”

“कळत होतं, की नुसतं वाजत होतं?”

“पण मी ऐकून शिकणारी आहे ना! कान आहे माझ्या टॅबवर.”

“तो टॅबचा झाला. तुझे कुठे गेले?”

सरांनी माझा आवाज बंद केला. “एक पान वाच, याला पालथा घाल आणि मला सांग.”

पहिल्यांदा तिला दोन वाक्येही धड जमेनात. तिने मला उलटले, पुन्हा वाचले, कागदावर वेडीवाकडी पेशी काढली, पुन्हा सांगितले. गुरुवारी तिने सगळा धडा घडाघडा सांगितला. मी पालथाच होतो. मला फार वाईट वाटले, आणि बरेही वाटले.

शनिवारी संघ सामना हरला, पण गोलात मारितच उभी होती.

आता माझ्या पाठीवर डोळा चिकटवला आहे. नवी मुलगी सगळ्यांना सांगते, “मी बघूनच शिकते.” ती पाने भराभर सरकवते आणि मी ‘पूर्ण’ लिहितो. मला पुन्हा तीच शंका येते आहे.

मित्रांनो, माझी काच जपा, मला पाडू नका. पण मी ‘पूर्ण’ म्हटले की मला एकदा पालथा घाला, आणि मग सांगून बघा.