वाघदऱ्याचं पेटतं पाणी

"सरका, सरका! बायका डाव्या अंगानं, गडीमानसं उजव्या अंगानं! मोबाईल वर धरा, पण दिव्याच्या म्होरं कुनी यायचं न्हाई!" भगव्या कपड्यातला एक शिष्य ओरडत होता.

वाघदऱ्याच्या तलावात मधोमध असलेल्या दगडी दीपमाळेभोवती त्या शनिवारी दोन-अडीचशे माणूस दाटलं होतं. तलाव बांधला तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं, देऊळही गेलं. दीपमाळ तेवढी दर मे महिन्यात, पाणी उतरलं की चौथऱ्यासकट वर येते. एरवी तिच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसायचे. दोन वर्षांपूर्वी गावचे मोठे बागायतदार, माजी सभापती राधाकिशनराव यांनी तलावकाठी 'उन्हाळी जलोत्सव' सुरू केला. मोटारबोट, उंटावरची फेरी, मुक्कामाला तंबू, आमरस आणि धपाटे. पहिल्या वर्षी माणसं आली, दुसऱ्या वर्षी तंबू रिकामे फडफडले. यंदा राधाकिशनरावांनी जलेश्वर महाराज आणले, आणि पार घाटनांदूरपासून जीपा भरून यायला लागल्या.

महाराज चौथऱ्यावर उभे होते. भगवी लुंगी, काळा चष्मा, कानामागून तोंडाशी आलेला माईक.

"मायबाप हो! ह्या पणतीत तेल आहे का?"

"न्हाई!"

"तूप आहे का?"

"न्हाई!"

"फक्त भस्म आणि कापूस! आता विज्ञानाला विचारा, पाण्यावर दिवा जळतो का? अमेरिकेचे शास्त्रज्ञ हे पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. आठ महिने झाले, अजून उत्तर नाही! देतील कुठून? देव काय नळीत मावतो?"

शिष्यानं सगळ्यांदेखत तलावातून तांब्या भरून आणला. महाराजांनी पितळी पणतीत धार सोडली, काडी ओढली, आणि पाण्यावर लख्ख पांढरी ज्योत भडकली. दीपमाळेच्या दगडावर काजळीचा पट्टा उमटला. बायकांनी पदर पसरले. कुणीतरी रडायला लागलं.

बबिता पहिल्या रांगेत होती. बारा वर्षांच्या ऋतुजाला तिनं पुढ्यात धरलं होतं, बाजूला सासू सुंदरबाई. धुपाच्या दाट धुरातून बबिताच्या नाकाला एक वास आला. लसणासारखा, उग्र, ओळखीचा. सत्यमशेठच्या आंब्याच्या वखारीत ती कामाला होती. तिथं कच्चा आंबा लवकर पिकावा म्हणून पेटीत कागदाच्या पुड्या सारायच्या, पुडीत राखाडी खडे. कार्बाईड. बंदी होती, पण शेठ म्हणायचा, "बंदी कागदावर हाय, आंबा पेटीत हाय." त्या पुड्यांचा वास हात धुऊनही जात नसे. बबितानं हळूच बोटं हुंगली. आपल्याच हाताचा वास, तिनं ठरवलं. देवाच्या दिव्यापाशी असले हात घेऊन आलो म्हणून तिला लाजही वाटली.

मग तिची पाळी आली.

"काय त्रास?"

"पोरीला साखर हाय, महाराज. लहानपनापासून. दिसातून चार बारी सुई टोचावी लागती."

महाराजांनी ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवला. "सुई आणि ज्योत एका देहात राहत नाहीत, माई. सुई सोड. सात दिवस हे ज्योतीचं पाणी दे. सातव्या दिवशी पेढा चारून आण इथं." शिष्यानं पाण्याची बाटली बबिताच्या हातात दिली.

बोटीतून परत येताना ऋतुजानं विचारलं, "आई, सुई खरंच बंद?"

तिचा चेहरा असा उजळला होता की बबिताला नाही म्हणवेना. पोरीच्या पोटावर, मांड्यांवर सुयांच्या खुणा होत्या. शाळेत तिला 'सुईवाली' म्हणायचे. नवरा अंगद मेंढरं चारायला लांब कड्याकडं गेलेला. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "डाक्टरला इचार आधी." सुंदरबाईनं फोन हातातून घेतला. "डाक्टरनं सहा वर्सांत बरं केलं का? सात दिसांनी काय आभाळ पडतंय?"

इन्सुलिनच्या बाटल्या गार राहाव्यात म्हणून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवलेल्या होत्या. मडक्यावर झाकण बसलं ते बसलंच.

रविवारी पोरीला तहान लागली. हंडाभर पाणी प्याली तरी ओठ कोरडे. सोमवारी पोटात दुखायला लागलं, उलट्या झाल्या. सुंदरबाईनं शिष्याला फोन लावला. तो म्हणाला, "विष बाहेर पडतंय. आता मागं फिरलात तर ज्योत उलटते." ज्योत उलटते म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी ऋतुजा धापा टाकत होती. घोड्यासारखा खोल, भरभर श्वास. बबितानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तर पोरीच्या तोंडाला सडक्या, गोड फळासारखा वास येत होता. आडवी आलेल्या सासूला तिनं बाजूला सारलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर संस्कृती नावाची तरुण बाई होती. तिनं एकच प्रश्न विचारला. "सुई कधीपासून बंद आहे?"

"शनवारपासून."

डॉक्टरीण ओरडली नाही. ती धावत सुटली. सलाईन, सुया, नळ्या, रात्रभर सगळं झालं. बुधवारी दुपारी ऋतुजा गेली.

"इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही," डॉक्टर संस्कृती नंतर व्हरांड्यात बबिताच्या शेजारी बसून म्हणाली. "मग रक्तात आम्ल साठतं. तो वास त्याचाच. तुम्ही एक दिवस आधी आणलं असतं तर..."

अंगद आला तेव्हा पोर घोंगडीत गुंडाळलेली होती. त्यानं बबिताकडं न बघता पोरीला उचलून घेतलं. त्यानं तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महाराजांचा निरोप तिसऱ्या दिवशी आला. पोरीच्या मनात शंका होती, म्हणून ज्योत लागू पडली नाही.

त्या निरोपानं बबिताचं रडू थांबलं. पोरीच्या मनात शंका? पोरगी तर हसत हसत पाणी प्यायची. तेरावं झाल्यावर ती उरलेली बाटली घेऊन दीपमाळेवर गेली. बाटली महाराजांच्या तोंडावर मारायची, एवढंच मनात होतं. पणती पेटली, भडका झाला, आणि तोच वास आला.

बबितानं हात नाकाला लावले. सोळा-सतरा दिवस तिनं आंब्याला हात लावला नव्हता. हाताला शेणाचा, राखेचा, साबणाचा वास होता. लसणाचा नव्हता. मग वास हाताचा नव्हता. त्या दिवशीही नव्हता.

बाटली न मारता ती परत फिरली. वखारीतून तिनं दोन पुड्या उचलल्या. घरी मातीच्या वाडग्यात खडे टाकले, वर चुलीतली राख पसरली, कापूस ठेवला, पाणी ओतलं. बुडबुड आवाज आला. काडी लावली. लख्ख पांढरी ज्योत. घरच्याच नळाचं पाणी होतं ते. बबिता चुलीपुढं फतकल मारून बसली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. सुंदरबाई दारात उभी राहून ते बघत होती. तिनं सुनेचा हात धरला, आणि मग दोघी एकमेकींना धरून रडल्या.

दुसऱ्या दिवशी बबिता वाडगं घेऊन डॉक्टर संस्कृतीकडं गेली. डॉक्टरीण म्हणाली, "पाणी पेटत नाही, बबिताताई. कार्बाईडवर पाणी पडलं की एक वायू सुटतो. पेटतो तो वायू. ह्यात देव नाही आणि भूतही नाही. पोलिसांना मी लेखी कळवते. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. पण लोकांसमोर हे दाखवणार कोण?"

"मी," बबिता म्हणाली. "पन मग कळंल सगळ्यांना, की आमी आंब्याला काय लावतो ते."

"कळेल."

"कळू द्या."

रविवारी दीपमाळेवर नेहमीची गर्दी होती. राधाकिशनराव खुर्चीवर, पाहुणे पुढ्यात. महाराजांनी आरोळी दिली, "ह्या पणतीत तेल आहे का?"

"न्हाई!" म्हणत बबिता चौथऱ्यावर चढली, मागून अंगद. तिनं राखेनं भरलेलं वाडगं पणतीशेजारी ठेवलं. "महाराज, ह्यातबी पानी ओता."

"माई, ही श्रद्धेची जागा आहे."

"श्रद्धाच हाय की. तुमचंच पानी, तुमचाच तांब्या. कावून भेता?"

शिष्य पुढं आला, तोवर तिनं त्याच्या हातातला तांब्या हिसकून वाडग्यात रिकामा केला. अंगदनं काडी ओढली. वाऱ्यानं दोन काड्या विझल्या. तिसरीला ज्योत भडकली, महाराजांच्या ज्योतीइतकीच पांढरी, तितकीच काजळी ओकणारी.

पुढची माणसं माना उंचावून वाडग्याकडं बघायला लागली.

मग बबितानं महाराजांची कोरडी पणती उचलून पालथी घातली. भस्म उडालं आणि चौथऱ्यावर राखाडी खडे टपटप पडले. मागून एक गडी ओरडला, "आयला बे, हे तर आंब्याच्या पेटीतलं हाय!"

"हो, आंब्याचंच हाय," बबिता म्हणाली. माईक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मीच भरती त्या पुड्या, सत्यमशेठच्या वखारीत. गुन्हा हाय, माज्यावर घाला. पन ह्या बाबानं माजी ऋतुजा मारली. मला वास आलता. पहिल्याच दिशी आलता. मी इचारलं न्हाई, कारन ते खरं असावं असं मला वाटत होतं. तुमी माज्यासारखं करू नका. देव माना, नका मानू, तुमची खुशी. पन चालू औषिद कुनाच्या सांगन्यावरनं बंद करू नका. आन् जे डोळ्याला दिसतंय, नाकाला कळतंय, ते इचारायला लाजू नका."

महाराज तेवढ्यात चौथऱ्याला लागलेल्या बोटीत जाऊन बसले होते. "चल, चालू कर!" नावाडी हनुमान चावी खिशात घालून खाली उतरला. "चालत जावा की महाराज. पान्यावर तुमची सत्ता हाय न्हवं?"

कुणी हसलं नाही. तासाभरानं दुसऱ्या बोटीतून पोलीस आले आणि महाराजांना, शिष्याला घेऊन गेले. राधाकिशनरावांनी जमलेल्या पत्रकारांना सांगितलं, जलोत्सव समितीची फसवणूक झाली. सत्यमशेठनं त्याच संध्याकाळी बबिताला कामावरून काढलं. काही बाया तिच्याकडं बघून पुटपुटल्या, पोरीला मारून आता पुढारपण करती. ते तिनं ऐकलं. ते बोल तिला जन्मभर ऐकू येणार होते.

पण त्याआधी, बोटीतून काठावर उतरताच एका म्हातारीनं तिचा पदर ओढला. साखराबाई नाव, डोंगरापलीकडच्या वाडीची. मागं तिची सून मान खाली घालून उभी.

"बाई, हिच्या फिटच्या गोळ्या बंद केल्यात. आठ दिस झाले. महाराज म्हनले... आता चालू कराव्या का? शाप तर लागनार न्हाई?"

"शाप लागायचा असता तर मला लागला असता, मावशे. मी त्याचा दिवा पालथा केला." बबितानं सुनेकडं पाहिलं. पोरगी विशीची असेल, ओठाशी पडल्याची ताजी जखम. "पन गोळ्यांचं मला इचारू नका. मी काय डाक्टर हाय? मला ठाव नसताना सांगितलं, तर त्याच्यात न् माज्यात फरक काय ऱ्हायला?"

"मग कुनाला इचारावं?"

"ज्याला ठाव हाय त्याला. आत्ता, लगेच."

अंगदनं तालुक्याला निघालेली जीप थांबवली. म्हातारी चढली. सून मात्र पायरीशी घुटमळली, तिला अजून भीती वाटत होती. बबिता आधी वर चढली, खिडकीजवळची जागा तिच्यासाठी सोडून बसली, आणि हात पुढं करून म्हणाली, "ये. मी बसती तुज्यापाशी, डाक्टरीण आत बोलावस्तोवर."