दोघांसाठी बदक

“बसा की, ताताय. खुर्ची चावत नाही,” देल्फिन म्हणाला.

ताताय सेलो माझ्या खुर्चीमागे उभे होते. मी बसताना त्यांनी ती अचूक पुढे सरकवली होती आणि मग सवयीनं तिथेच, माझ्या डाव्या खांद्यामागे, हात पाठीशी बांधून थांबले होते. त्यांची स्वतःची खुर्ची समोर रिकामी. शेवटी देल्फिननं त्यांना कोपराला धरून पलीकडे नेलं, बसवलं आणि नॅपकिन झटकून त्यांच्या मांडीवर टाकला.

“हळू. झटकायचा नसतो तो. उलगडायचा असतो.”

“आज तुम्ही पाहुणे आहात. कामाचं बोललात तर बाहेर काढीन.”

ताताय हसले, पण नॅपकिनची घडी त्यांनी पुन्हा नीट केलीच.

मनिलाच्या मकाती भागातल्या एका काचेच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं फ्रेंच रेस्तराँ आहे. मी दारापाशी असते. नाव विचारायचं, टेबल दाखवायचं, हसायचं. ताताय तिथले सगळ्यात जुने वेटर. मार्सेलो मागसिनो हे नाव फक्त हजेरीपटावर. भांडी घासणाऱ्या बाईपासून खालच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना ताताय म्हणजे बाबा म्हणतात, आणि तसं म्हणायला त्यांना घरी कुणी नाही. शुक्रवारी ते निवृत्त झाले. आमच्याकडचं काम सोडून जाणाऱ्या माणसाला मालक एक जेवण देतात. पाहुण्यासारखं बसून, पहिल्या घासापासून कॉफीपर्यंत. सोबत आपल्या पसंतीचं एक माणूस.

तातायांना बाकी कशाचं अप्रूप नव्हतं. त्यांना बदक हवं होतं.

आमच्याकडचं बदक अख्खं येतं. संत्र्याच्या रसात आणि मधात भाजलेलं, चाकाच्या टेबलावरून, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत कापतात. ते एकट्याला मिळत नाही. मेनूत त्याच्यापुढे छापलेलंच आहे, ‘दोघांसाठी’. एकटा आलेला माणूस कितीही मोठा असो, त्याला मासा घ्यावा लागतो. एकतीस वर्षं तातायांनी ते बदक कापलं. चाखलंही होतं, स्वयंपाकघरात, सुरीच्या टोकावर राहिलेला कातडीचा तुकडा. “उभ्यानं खाल्लेलं मोजायचं नाही,” ते म्हणायचे. “एकदा बसून खायचंय मला. समोर कुणीतरी असताना.”

ते कुणीतरी म्हणजे रोवेना, त्यांची मुलगी. ती मिलानला एका म्हातारीची देखभाल करते. नऊ वर्षांत आली नव्हती. यंदा सुट्टी मिळाली होती, तिकीटही काढलं होतं. मग एका दुपारी टेबलावर काटे मांडता मांडता ताताय मला म्हणाले, “म्हातारी पडली. खुब्याचं हाड मोडलं. रोवेना नाही येत.” पुढचे चार काटे मांडून झाल्यावर विचारलं, “रविवारी तू काय करतेस, पोरी? तुझी सुट्टी असते ना?”

बाकी सगळे रविवारी कामावर असतात. मी हो म्हणून गेले. मायुमीचा विचार नंतर आला.

मायुमी अकरा महिन्यांची आहे. कामाच्या दिवशी तिला सासूबाईंकडे ठेवते, त्याला इलाज नाही. पण सुट्टीच्या दिवशी तिला ठेवून, लिपस्टिक लावून, बदक खायला जायचं? नवरा जहाजावर; त्याला सांगितलं तर म्हणाला, “जा की, दोन तासांत काय होतंय!” समुद्रावरून असं म्हणणं सोपं असतं. मी टेबलाशी बसले तेव्हाही मला टेबल दिसतच नव्हतं. दिसत होती ती सुरीची धार, पेटलेली मेणबत्ती, टेबलाच्या कडेवरून लोंबणारं कापड. लहान मुठीनं ते ओढलं तर काय काय अंगावर येईल, याचा हिशोब. रेस्तराँत फोन वाजलेला चालत नाही म्हणून त्याचा आवाज बंद करून तो नॅपकिनखाली मांडीवर ठेवला होता. दर मिनिटाला त्याला हात लावत होते.

तातायांनी ते पाहिलं असणार. पाहुण्यांचं सगळं पाहण्यातच त्यांचं आयुष्य गेलं. वर बघत म्हणाले, “त्या दिव्याच्या खालच्या अंगाला धूळ आहे. बघ. उभ्या माणसाला दिसतच नाही ती.”

“सांगू का कुणाला?”

“राहू दे. आता माझा दिवा नाही तो.”

चमचाभर सूप आलं, मग शिंपल्यातलं काहीतरी. ताताय सावकाश खात होते, प्रत्येक घासानंतर काटा खाली ठेवून. मी विचारलं, “घरी काय करता जेवायला?”

“सार्डिनचा डबा उघडतो. टीव्हीसमोर बसतो. टीव्हीचं एक बरं असतं, तो वाटा मागत नाही.”

मी हसले. तेही हसले आणि मग हसू पुसल्यासारखं ओठ पुसून म्हणाले, “आता मासा येईल. मग बदक. माशानं पोट भरू नकोस हं. सगळे तिथेच फसतात.”

मासा आला. देल्फिन आणि दुसरा वेटर, दोघांनी दोन ताटं एकाच क्षणी टेकवली. आमच्या ताटांच्या काठावर एक छोटं जांभळं फूल आहे. ते पाहुण्याच्या बरोबर समोर, पलीकडच्या कडेला यायला हवं. हे सगळ्यांना तातायांनीच शिकवलंय. बोटभर इकडेतिकडे झालं तर दुसऱ्याच्या टेबलावर जाऊन ते गुपचूप सरळ करायचे. आज फूल जागेवर होतं. त्यांनी मान हलवली. देल्फिनचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात माझ्या मांडीवर फोन थरथरला.

“अडतीस पॉइंट नऊ,” सासूबाई म्हणाल्या. “अंग नुसतं भाजतंय. दृष्ट लागलीय, दुसरं काही नाही. समोरची बाई येऊन ‘काय गोड गं’ म्हणाली आणि दृष्ट लागू नये म्हणून बाळाला थुंकीचं बोट लावायचं, ते न लावताच निघून गेली. बोट लावायला बोलवावं म्हणून तिच्या घरी गेले होते मघाशी, दाराला कुलूप. आता काय करू ते तू सांग.”

मी फोन खाली ठेवला तेव्हा ताताय उभेच होते. मी उठले म्हणून तेही उठले होते.

“बाळ?”

“ताप आहे. ताताय, मी... पण बदक...”

“बदक भट्टीत आहे. ते कुठे उडून जातंय? जा तू.” त्यांनी स्वतः माझी खुर्ची मागे ओढली.

“तुम्ही जेवा हं. माझ्यासाठी थांबू नका. देल्फिन, यांना पूर्ण वाढ, ऐकतोस ना?”

“हो गं बाई, जा आता.”

“पोचलीस की कळव,” ताताय म्हणाले.

“कळवते.”

हे मनिलात सगळेच सगळ्यांना म्हणतात, ‘येते हं’ म्हणावं तसं. दारातून मी एकदा मागे पाहिलं. ताताय बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी आपल्या ताटाची कड धरली आणि ताट हळूच फिरवलं. अर्धा फेरा. जांभळं फूल त्यांच्या छातीशी आलं.

आमच्याकडे जेवणावरून कुणी मध्येच उठून बाहेर निघालं, की मागे राहिलेल्यांनी आपापली ताटं फिरवायची. जाणारा वाटेत सुखरूप राहतो. माझी आई फिरवायची, सासूबाई फिरवतात. पण त्या रेस्तराँत, त्या पांढऱ्या कापडावर, शेफनं चिमट्यानं रचलेलं ताट फिरवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. आणि तेही तातायांना.

टॅक्सी पुलावर अडकली. चर्चमधून सुटलेली गर्दी, रस्त्यात फुगेवाले. मी ड्रायव्हरला तीनदा विचारलं, अजून किती. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “मॅडम, पंख असते तर मी टॅक्सी चालवली असती का?”

घरी मायुमी दोन ब्लँकेटांत, पायमोजे घालून, पंखा बंद करून ठेवलेल्या खोलीत लालबुंद झाली होती. मी सगळं उतरवलं. ओल्या फडक्यानं अंग पुसलं. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “आता सर्दी झाली की मला सांगू नकोस.” अडतीस पॉइंट एक. अर्ध्या तासानं सदतीस सहा. हिरडीवरून बोट फिरवलं तर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं. दात. एवढंच. मी पलंगावर बसून रडले, आणि मग ती माझ्या छातीवर झोपली म्हणून हलले नाही. तिचे श्वास मोजत होते. कधीतरी मोजणं थांबलं असावं.

जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. थर्मामीटरसाठी पर्स ओढली, त्यात फोन. आवाज तसाच बंद. देल्फिनचा निरोप, चार वाजताचा: ‘पोचलीस का? फोन कर. मी विचारलं ते त्यांना सांगू नको.’

“अगं आहेस कुठे तू?” तो कुजबुजत होता. स्वयंपाकघरातून बोलत असावा. “बाळ कसंय?”

“बरंय. दात येतोय. काय झालं?”

“तुझे ताताय माशाचं ताट उचलू देत नाहीयेत.”

“म्हणजे?”

“फिरवलेलं ताट आहे, तू पोचल्याचं कळल्याशिवाय हलवायचं नाही म्हणतात. मासा उचलल्याशिवाय बदक नेणार कसं? शेफ तीनदा बाहेर येऊन गेला. त्याला वाटलं माशाचं काही बिघडलं. मी समजावलं. त्याला काय कळलं देव जाणे, पण साडेतीनपर्यंत भट्टी चालू ठेवली बिचाऱ्यानं. आता आम्ही रात्रीची टेबलं मांडतोय आणि हे मध्ये बसलेत.”

“तू तेव्हाच फोन का नाही केलास मला?”

“करू देतील तर ना! ‘तिचं बाळ आजारी आहे, फोनच्या आवाजानं उठेल.’ माझ्यावरच डोळे वटारले. त्यांची रोवेना इटलीला गेली तेव्हा नाश्त्यावरूनच उठून विमानतळावर गेली होती म्हणे. दीड दिवस ताट तसंच ठेवलं होतं यांनी, तिकडून फोन येईपर्यंत. त्यांच्या लेखी हे चार तास म्हणजे काहीच नाही.”

मी दोनच्या सुमाराला घरी पोचले होते. एक शब्द लिहायचा होता.

“आणि बदक?”

देल्फिनचा आवाज आणखी खाली गेला.

“आम्ही खाल्लं. आत, उभ्याउभ्या. शेफ म्हणाला, टाकायचं नाही.” मग म्हणाला, “मी सांगितलं म्हणून बोलू नकोस त्यांना.”

तातायांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“पोचलीस?”

“पोचले, ताताय. मी विसरलेच. माफ करा, मी...”

“थांब हं जरा.” फोन तोंडापासून दूर गेला. “देल्फिन, उचल आता.” चिनीमातीचा हलका आवाज आला. मग ते पुन्हा माझ्याशी बोलू लागले. “बाळ कसंय?”

“दात येतोय. ताप उतरला.”

“हात्तिच्या! चांगलं झालं. पंखा लाव तिला. या सासवा उगीच गुंडाळून ठेवतात.”

“हो.”

विचारू नये असं वाटत होतं. न विचारता फोन ठेवणंही जमेना. “जेवलात ना तुम्ही?”

“जेवलो की.”

“बदक?”

“बदकसुद्धा.”

“कसं होतं?”

“कातडी कुरकुरीत,” ते म्हणाले, “आतून गुलाबी, मऊ. संत्र्याचा आंबटपणा आधी लागतो आणि मध मागाहून येतो.” पाहुण्यांना बदकाची माहिती देताना रोज दारातून ऐकते तेच शब्द, तोच आवाज, पाठ ताठ ठेवून काढलेला. आणि एकाएकी ते थांबले. त्यांच्याही कानांवर ते पडलं असावं. मागे काट्याचमच्यांची मांडामांड चालली होती, कुणीतरी ग्लास पुसत होतं.

“फक्त मीठ,” ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. “मीठ किंचित जास्त झालं होतं.”

“हो?”

“शेफला सांगितलं मी. टेबलापाशी बोलावून घेतलं आणि सांगितलं. बसूनच.”

मायुमी माझ्या खांद्यावर हलली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“बरं केलंत, ताताय,” मी म्हटलं. “सांगायलाच हवं.”