फक्त कॅमेऱ्यासाठी

मी एक चकती बोलतेय. दुर्बिणीच्या तोंडावर बसवायची, चंदेरी, चहाच्या बशीहून थोडी लहान. कडेला पुठ्ठ्याची गोल पट्टी, आत ताणून बसवलेला पातळ चमकता पडदा, आणि पट्टीवर चिकटवलेली एक लाल फीत. फितीवर अक्षरं आहेत. शाईची नाहीत, यंत्रात दाबून उठवलेली, बोटाला लागणारी. त्या अक्षरांमुळेच मला बोलावं लागतंय. नाहीतर माझ्यासारख्या चकतीजवळ सांगण्यासारखं काही नसतं.

माझं काम अडवण्याचं. सूर्याचा उजेड शंभर भाग आला तर त्यातला एखादाच पुढे जाऊ द्यायचा. कॅमेऱ्याला तेवढा चालतो. माणसाच्या डोळ्याला तो एकही फार होतो.

माझा जन्म मासेमारीच्या बोटीवरचा. बोटीचं नाव मार्गरेथे. तिच्या जीवरक्षक पेटीत मी घडी घालून पडलेली चंदेरी चादर होते. पाण्यात पडलेल्या माणसाला वर ओढलं की अशा चादरीत गुंडाळतात, म्हणजे त्याच्या अंगातली ऊब टिकते. माझ्याआधीच्या चादरीत दोन माणसं गुंडाळली गेली होती. त्यातलं एक वाचलं. माझ्यावर ती वेळ आली नाही. मुदत संपली तशी बोटीचा मालक टेगे याने मला पेटीतून काढलं आणि धाकट्या भावाला देऊन टाकलं.

धाकटा भाऊ म्हणजे एस्किल. लेमवी गावच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला. अबोल माणूस. बायको नव्हती, घरी कोणाचं येणंजाणं नव्हतं. बंदरावर चार माणसं हसली की आपल्यालाच हसली असं वाटून तो खाली बघायचा. त्याला एकच नाद होता. रोज दुपारी, ऊन असलं तर, तो सूर्याचा फोटो काढायचा. सूर्यावरचे डाग कालच्यापेक्षा किती सरकले ते वहीत पेन्सिलीने काढून ठेवायचा.

दुर्बीण छोटी होती, कोणाच्या तरी माळ्यावरून आणलेली. तिचं बूड त्याने स्वयंपाकघरातल्या जुन्या स्टुलावर बसवलं होतं. कॅमेरा आणि दुर्बीण यांना जोडायला न्हाणीच्या पाइपाचा तुकडा. डोळ्याने बघायचं असेल तेव्हा दुर्बिणीच्या तोंडावर विकतची जाड काळी चकती लावायची, हा त्याचा नियम. तिच्यातून सूर्य संत्र्यासारखा दिसतो आणि डोळ्याला काही होत नाही.

पण आमच्याकडे पश्चिमेच्या समुद्रावरून सतत ढग येतात. पातळ ढगाआडचा सूर्य काळ्या चकतीतून इतका मंद यायचा की फोटो हलायचा. म्हणून एस्किलने माझ्यातून एक गोल कापला, पुठ्ठ्यात बसवला, आणि ढगाळ दिवसांसाठी मला बाजूला ठेवलं. मी काळीपेक्षा खूप जास्त उजेड सोडते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच दिवशी त्याने ती लाल फीत दाबून काढली आणि माझ्या कडेला चिकटवली. ‘फक्त कॅमेऱ्यासाठी.’

टेगे त्याच्या उलट. आवाज मोठा, हात मोठे, हसणं मोठं. तो आला की अंगण भरून जायचं. दुर्बिणीपाशी उभ्या भावाला म्हणायचा, “तुला एवढा सूर्य आवडतो तर स्पेनला जाऊन राहा ना लेका. इथे त्याची वाट बघत म्हातारा होशील.” एस्किल हसायचा. टेगेच्या चेष्टेवर तेवढा तो हसू शकायचा.

मग मार्चमधलं ते ग्रहण आलं. सकाळचं, दहाच्या सुमाराचं. सूर्याची नुसती कोर उरणार होती. त्या दिवशी वारा होता म्हणून टेगेने बोट बाहेर काढली नव्हती. बेकरीतून गरम पाव आणि कडू दारूची छोटी बाटली घेऊन तो अंगणात हजर झाला.

आकाशावर दुधाच्या सायीसारखे ढग होते. एस्किलने काळी चकती काढून मला लावली. अकरा फोटो झाले आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीने थंडीमुळे मान टाकली. बॅटरी काखेत धरून गरम करायची, मग ती अजून थोडी चालते, हे असे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. ती काखेत धरून तो दुसरी शोधायला आत निघाला. जाता जाता त्याने कॅमेरा काढला आणि त्या जागी डोळा लावायचं भिंग बसवलं.

“तोवर तू बघ,” तो टेगेला म्हणाला. “ढग आहे तोवर चालेल.”

मला बदलून काळी लावायला किती वेळ लागला असता? एक पाव खायला लागतो त्याहून कमी. पण कोर अजून बारीक व्हायच्या आत त्याला बॅटरी हवी होती.

टेगे वाकला. “चंद्राच्या कडेला दात दिसतायत रे.”

“डोंगर आहेत ते,” एस्किल दारातून म्हणाला.

“मग बंदर कुठंय ते शोधतो.”

एस्किल आत गेला आणि साय फाटली. माझ्यावर ऊन आलं. मी अडवत होते, जेवढं माझ्यात होतं तेवढं. उरलेलं टेगेच्या डोळ्यात जात होतं. दुखत नाही ते. डोळ्याच्या मागच्या बाजूला दुखायला काही नसतंच. कोर उजळली तसं त्याला ते जास्तच छान वाटलं असणार. मासेमारी करणारी माणसं दुर्बिणीला डोळा लावला की पापणी मिटत नाहीत, आणि एक डोळा पाण्याने भरला की दुसरा लावतात. तीस वर्षांची सवय. टेगेने तेच केलं. उजवा थकला, डावा लावला.

एस्किल बाहेर आला तेव्हा त्याला आधी दिसली ती फरशीवरची स्वतःची सावली. स्वच्छ, कापून काढल्यासारखी. त्याने वर बघितलं, मग माझ्याकडे, मग भावाकडे.

“हो बाजूला,” तो म्हणाला.

“थांब की. आत्ता कुठे उजळलंय.”

एस्किलने त्याला खांद्याला धरून मागे ओढलं. कधी कोणाला हात न लावणारा माणूस. टेगे हसला, डोळे चोळले, सगळं हिरवं दिसतंय म्हणाला. दोघांनी पाव खाल्ले, एकेक घोट घेतला. बॅटरी बसवून एस्किलने माझ्यातून शेवटचा फोटो काढला. तोच सगळ्यात चांगला निघाला. त्याचे हात थरथरत होते, पण दुर्बीण स्टुलावर घट्ट बसवलेली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेगे बोटीवर गेला आणि त्याला होकायंत्रातले आकडे दिसेनात. जिथे बघावं तिथे मधोमध करडा डाग. बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं तर कान दिसायचे, केस दिसायचे, चेहरा नाही. त्याची बायको गेर्डा त्याला होल्स्टेब्रो शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली. एस्किलही गेला. मी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होते. त्याने मला का आणलं होतं ते मला कळलं. डॉक्टरीणबाईंना दाखवायला.

बाईंनी विचारलं, कशातून बघितलंत?

एस्किलचा हात खिशात आला. माझ्या कडेवर टेकला. मग तो हात माझ्यावरून निघाला, बाहेरच्या खिशात गेला, आणि त्याने काळी चकती टेबलावर ठेवली.

“हीच होती,” तो म्हणाला.

बाईंनी ती दिव्यासमोर धरली, फिरवून फिरवून बघितली. चकतीत दोष नाही, म्हणाल्या. मग तुम्ही कधीतरी नुसत्या डोळ्यांनी वर बघितलं असणार. टेगेने आठवून आठवून बघितलं, आणि शेवटी स्वतःच कबूल केलं, की वाकताना दुर्बिणीच्या नळीच्या वरून नजर गेली असेल. गेर्डा घरी येईपर्यंत गाडीत एवढंच म्हणत होती, की बालवाडीतल्या पोरांनाही सांगतात हे.

काही लोकांचा तो डाग हळूहळू जातो. टेगेचा गेला नाही. डोळ्यांच्या तपासणीत नापास झालेल्या माणसाला बोट चालवता येत नाही. शरद ऋतूत मार्गरेथे विकली गेली. उत्तरेचा एक माणूस तिला घेऊन गेला आणि त्याने तिचं नाव बदललं. जुनं नाव त्या दोघा भावांच्या आईचं होतं.

एस्किलचा शेवटचा फोटो गावच्या पेपरात छापून आला. मच्छीमारांच्या कॉफीच्या खोपटात त्याची मोठी प्रत चौकटीत लावली. काळ्या आकाशात चांदीची कोर. तिच्याखालच्या बाकावर टेगे रोज सकाळी बसायचा, कारण त्याला दुसरं जायला ठिकाण नव्हतं. मासळीचा लिलाव करणारा विगो त्याला विचारायचा, “काय टेगे, आज सूर्य कोणीकडे उगवला? तूच सांग, तुझी त्याची जवळची ओळख.” सगळे हसायचे. टेगेही हसायचा. पूर्वीसारखं मोठ्याने नाही.

एस्किलने मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. सूर्याचे फोटो बंद झाले. वहीतल्या शेवटच्या पानावर सूर्याचा नुसता गोल काढलेला राहिला, आत डाग भरलेच नाहीत. एकदा त्याने डबा उघडून नखाने माझी फीत काढायचा प्रयत्न केला. एक कोपरा सुटला. मग तो कोपरा त्याने पुन्हा दाबून बसवला. मला जाळणं सोपं होतं. मी शेगडीत क्षणात गेले असते. त्याने तेही केलं नाही. खोटं बोलला, पण खोट्याची खूण मोडवली नाही त्याच्याने.

दर मंगळवारी तो टेगेला गाडीतून बाजाराला न्यायचा, डॉक्टरकडे न्यायचा, चिठ्ठ्या वाचून दाखवायचा. असा भाऊ पाहिला नाही, असं गेर्डा शेजारणींना सांगायची. सात वर्षं.

या वसंतात एस्किलने घर विकून लहान जागा घेतली. खोकी उचलायला टेगे आला. नजर गेली तरी पाठ शाबूत होती. एक पत्र्याचा डबा त्याच्या हातून निसटला आणि मी फरशीवर पडले.

पडताना मी कुरकुरले. तो आवाज टेगेच्या कानाने ओळखला. भिजलेल्या माणसांवर अशा चादरी उलगडलेला माणूस तो आवाज विसरत नाही. तो खाली बसला, चाचपून मला उचललं.

“ही तर माझ्या बोटीवरची चादर,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जुनी चीज सापडल्याची खुशी होती. “हिचं काय केलंस तू?”

टेगेचा अंगठा माझ्या कडेवरून फिरत गेला आणि फितीला लागला. डोळ्यांनी त्याला अक्षरं वाचता येत नाहीत, पण ही उठावाची होती. अंगठा एकेक अक्षर घेत गेला. शेवटपर्यंत गेला. परत पहिल्यापासून आला. मधे एकदा सुटलेल्या कोपऱ्यावर थांबला.

दारात टेंपोवाला अजून किती खोकी आहेत विचारत होता.

“ग्रहणाच्या दिवशी ही होती,” टेगे म्हणाला.

“हो.”

“आणि तुला माहीत होतं.”

“ढग होता,” एस्किल म्हणाला. मग म्हणाला, “हो.”

टेगेने मला दोन्ही हातांत धरलं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तो फार हळू बोलला. “दर मंगळवारी नेतोस मला. मला वाटायचं भाऊ म्हणून नेतोस.”

एस्किल रडायला लागला. टेगेने त्याला रडू दिलं. जवळ गेला नाही. नंतर उठला, मला जाकिटाच्या खिशात टाकलं, आणि म्हणाला, “मंगळवारी बाजाराला जायचं नाही. खोपटात जायचं.”

आज मंगळवार. मी खोपटातल्या टेबलावर आहे, कॉफीचे पेले आणि पावाचा चुरा यांच्यामधे. भिंतीवर तो फोटो आहे, माझ्यातून काढलेला. खाली बाकावर टेगे. विगो आहे, आणखी सहासात माणसं आहेत. विगोने आल्या आल्या नेहमीचा प्रश्न विचारला, आणि या वेळी टेगे हसला नाही.

एस्किल दाराजवळ उभा आहे. चार माणसांसमोर ज्याला बोलता येत नाही, तो. टेगेने मला उचलून त्याच्या हातात दिलं आहे.

“मला दिसत नाही,” तो म्हणाला. “तू वाच.”

तुम्ही कोणी घरी बसून माझ्यासारखी चकती कापत असाल तर एवढंच सांगते. फीत चिकटवा, पण फितीवर सोडून आत जाऊ नका. कोणी डोळा लावला असेल तर शेजारी उभे राहा. आणि तरीही चूक झाली, तर त्याच दिवशी तोंडाने सांगा. माझ्यासारख्या मुक्या वस्तूकडे ते सात वर्षं ठेवायला देऊ नका. मी उजेड अडवायला शिकले होते. हे अडवायचं मला कोणी शिकवलं नव्हतं.

एस्किलचे हात थरथरतायत, आणि या वेळी मला घट्ट धरायला स्टूल नाही. त्याचे ओठ हलले. शब्द आले, पण शेजारच्या माणसालाही ऐकू गेले नसतील.

“मोठ्याने,” टेगे म्हणाला.